फास्टबॅकच्या पोटाखालची खूण

बापाला खूश करायच्या भानगडीत माणसाने पडू नये. पडायचंच असेल तर दहाव्या-बाराव्या वर्षी पडून घ्यावं. तेव्हा हाडं कोवळी असतात, मोडली तरी सांधतात. नॉर्बर्ट पेत्राक पडला तो साठीच्या उंबरठ्यावर, आणि एकटा नाही, एका मोटारीसकट पडला.

एप्रिलमधल्या एका शनिवारी ही मोटार त्याच्या दारात आली. स्वतःच्या चाकांवर आली असं म्हणायची सोय नाही. ट्रकच्या पाठीवर साखळदंडांनी जखडून आली. डेट्रॉइटच्या दक्षिणेला नदीच्या अंगाने जी कामगारांची गावं पसरली आहेत, तिथे कोणाच्या दारात जुनी मोटार उतरणं म्हणजे नवी सून उतरण्यासारखं असतं. गल्लीतली यच्चयावत माणसं कॉफीचे मग घेऊन ओसरीवर आली. मोटार होती अडुसष्ट सालची मेरिडियन, फास्टबॅक कूपे. म्हणजे दारं दोनच, आणि छपराची रेघ पुढच्या काचेवरून जी सुटते ती कुठेही न अडखळता थेट शेपटापर्यंत घसरत येते. तरुणपणी ही गाडी उभी असली तरी पळतेय असं वाटायचं. आता ती पळून पळून दमून पडल्यासारखी दिसत होती. रंग मुळात गर्द हिरवा आहे असं विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. मागच्या सीटमध्ये उंदरांच्या काही पिढ्या सुखाने नांदून गेल्या होत्या आणि जाताना त्यांनी आवराआवर केलेली नव्हती.

नॉर्बर्टच्या वडिलांनी, म्हणजे टेओफिल पेत्राक यांनी, मागच्या खोलीच्या खिडकीतून हे सगळं पाहिलं.

"कोण गेलं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"कोणी नाही हो पॉप. नॉर्बर्टने गाडी घेतलीय," मार्लीन म्हणाली.

"असं होय. मला वाटलं, मयत आणली," असं म्हणून त्यांनी पडदा ओढून घेतला.

हा पडदा उघडावा म्हणून तर सगळा खटाटोप होता. टेओफिल पेत्राक यांनी उभं आयुष्य मोटारीच्या कारखान्यात काढलं, आणि तेही खड्ड्यात. डोक्यावरून एकामागून एक गाड्या सरकत जायच्या आणि हे खाली उभे राहून, मान वर करून, त्यांच्या मागच्या आसाचे बोल्ट आवळायचे. गाडीचं तोंड त्यांनी क्वचितच पाहिलं. त्यांची सगळी ओळख पोटाशी. याच कारखान्यातून याच मेरिडियन बाहेर पडायच्या. या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक, रोमन पिवोवार नावाच्या रात्रपाळीच्या माणसाबद्दलचा द्वेष. हा रोमन बोल्ट ढिले सोडून घरी जायचा आणि बोलणी सकाळच्या पाळीला बसायची. रोमनला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, पण दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना पेत्राकांच्या घरी तो उकरून काढला जायचा. दुसरी गोष्ट म्हणजे एक वाक्य. जगातल्या कुठल्याही गोष्टीची तारीफ करायला त्यांच्यापाशी हे एकच वाक्य होतं: "बोल्ट घट्ट आहेत." मार्लीनच्या पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या पोलिश करंज्या, चाखून ते हेच म्हणत. नव्या पाद्रीबुवांच्या पहिल्या प्रवचनालाही त्यांनी हाच शेरा दिला होता. बायको गेली तेव्हा शवपेटीपाशी बराच वेळ उभे राहून ते म्हणाले होते, "चांगली बाई होती. बोल्ट घट्ट होते."

नॉर्बर्टबद्दल हे वाक्य त्यांनी आजवर उच्चारलं नव्हतं.

नॉर्बर्टची नोकरी विम्याच्या कचेरीत. लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि त्या वाटतात तेवढ्या ठोकलेल्या नाहीत असं कळवायचं. या कामात हाताला घट्टे पडत नाहीत, आणि टेओफिलना माणसाचा हात हातात घेऊन बघायची सवय. तेवढ्यावर भागलं असतं. पण काही वर्षांपूर्वी नॉर्बर्टला अवदसा आठवली आणि त्याने जपानी गाडी घेतली. कमी पेट्रोलमध्ये जास्त पळते, बिघडत नाही, असा हिशेब त्याने घरात मांडला. ज्या गावात निम्म्या घरांच्या चुली मोटारीच्या कारखान्यावर पेटल्या, तिथे असा हिशेब मांडायला एक वेगळ्याच जातीचा बावळटपणा लागतो. टेओफिलनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत गेले, आणि त्या दिवसापासून तिच्यात बसले नाहीत. डॉक्टरकडे जायचं असो की चर्चला, शेजारचा ड्वेन टीटर त्यांना आपल्या पिकअपमधून न्यायचा. आता हा ड्वेन जन्मभर दुसऱ्या कंपनीत, म्हणजे कट्टर शत्रुपक्षात, नोकरी केलेला. पण शत्रू झाला तरी गावातला! दर रविवारी पुढे ड्वेनच्या पिकअपमध्ये बाप आणि मागे जपानी गाडीत मुलगा-सून अशी ही वरात चर्चला जायची, आणि पायऱ्यांवर उभी असलेली माणसं ती डोळे भरून बघायची.

तेव्हा नॉर्बर्टचं म्हणणं एवढंच होतं की बापाने एकदा, फक्त एकदा, आपल्या गाडीत बसावं. ऑगस्टमध्ये गावच्या मोठ्या रस्त्यावरून जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. दुतर्फा घडीच्या खुर्च्या टाकून सगळं गाव बसतं. त्या गावासमोरून, बापाच्याच कारखान्यात जन्मलेल्या गाडीतून, बापाला शेजारी बसवून जायचं. आणि मग जमलं तर ते तीन शब्द ऐकायचे.

गाडी दारात उभी राहिली आणि सल्ले सुरू झाले. या गावात पोहता न येणारा माणूस मिळेल, पण कार्ब्युरेटरवर मत नसलेला माणूस मिळणार नाही. ड्वेन तर रोज संध्याकाळी बिअरचा डबा घेऊन यायचा आणि डबा संपेपर्यंत बॉनेटमध्ये बघत उभा राहायचा.

"नॉर्ब, तुला मित्र म्हणून सांगतो. हे इंजिन काढून टाक."

"आणि?"

"आणि आमच्या कंपनीचं घाल."

"मग गाडी तुमचीच होईल की रे."

"ते तू बघ. पण निदान चालेल तरी."

समोरच्या मिसेस हॅगर्टी सल्ला देत नसत. त्या फोन करत. पुढच्याच आठवड्यात नगर कार्यालयाचा माणूस आला. न चालणारं वाहन दारात उघड्यावर ठेवता येत नाही, म्हणाला. नॉर्बर्टने ताडपत्री घातली. ताडपत्री घातली म्हणजे वाहन चालत नाही याची कबुलीच दिली, असं तोच माणूस म्हणाला. मग नॉर्बर्टने चार खांब रोवून कनात उभारली, तर कनात हे तात्पुरतं बांधकाम ठरलं आणि त्याला परवाना लागला. परवान्यासाठी चौकशी केली तेव्हा कळलं की कनातीखाली चालू स्थितीतलं वाहन असेल तरच परवाना मिळतो. नॉर्बर्टने स्वतः लोकांना अशी पत्रं लिहिण्यात हयात घालवली होती, पण ती वाचायला कशी लागतात हे त्याला प्रथमच समजत होतं. शेवटी गाडी गॅरेजमध्ये गेली, आणि गॅरेजमधलं बर्फ फेकायचं यंत्र, फुटकी होडी आणि नाताळच्या देखाव्यातले तीन राजे उंटासकट दिवाणखान्यात आले. मार्लीन मे महिन्यात त्या उंटाला टेकून टीव्ही बघत होती.

"मी काही म्हणत नाहीये," ती म्हणायची. ती काही म्हणत नाही हे ती दिवसातून बऱ्याच वेळा म्हणायची.

जूनअखेर इंजिन सुरू झालं. गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटीही मिळाली. या पाटीची गंमत अशी की ती लावल्यावर गाडी फक्त प्रदर्शनाला किंवा मिरवणुकीला नेता येते. बाकी मनमुराद फिरवायची मुभा एका ऑगस्टात. जुलैत एका सकाळी नॉर्बर्ट आनंदाच्या भरात तिच्यातून दूध आणायला गेला. पोलिसाने थांबवून विचारलं, "प्रदर्शन कुठे आहे?" नॉर्बर्टच्या मांडीवर दुधाचा कॅन होता. त्याने तो उचलून दाखवला. कोपऱ्यावर कुत्र्याला फिरवत असलेल्या मिसेस हॅगर्टींनी हे दृश्य पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं की पेत्राकला चोरीच्या गाडीत पकडला.

पण खरा शनी यायचा होता. त्याचं नाव ऑर्व्हिल टॅन्सली. हा निवृत्त दंतवैद्य, मोटार क्लबचा मुख्य परीक्षक. मिरवणुकीआधी बागेच्या हिरवळीवर गाड्यांचं परीक्षण होतं. ज्यांना निळी फीत मिळते त्या मिरवणुकीत पुढे, बाकीच्या मागे, धूर खात. नॉर्बर्टने म्हणून ऑर्व्हिलला आधीच घरी बोलावलं. गाडी तोवर नवरीसारखी नटली होती. हिरवा रंग असा की त्यात तोंड बघून दाढी करावी. खालचं पोटसुद्धा नॉर्बर्टने वाळूच्या फवाऱ्याने घासून काढून काळं कुळकुळीत रंगवलं होतं. ऑर्व्हिलने रंगाकडे ढुंकून पाहिलं नाही. खिशातून दात बघायचा चिमुकला आरसा काढून तो सरळ गाडीखाली घुसला आणि बाहेर आला तो दाढ काढायची वेळ आल्यासारखा चेहरा करून.

"मिस्टर पेत्राक, तुम्ही फार चांगलं काम केलंय."

"थँक यू," नॉर्बर्ट म्हणाला.

"हीच तर अडचण आहे. कारखान्याने इतकं चांगलं काम कधी केलं नव्हतं."

मग त्याने समजावून सांगितलं. अस्सल गाडी म्हणजे कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी. तिथे रंग ओघळायचा. तो ओघळ हवा. डांबराचे शिंतोडे उडायचे. ते त्याच जागी हवेत. बोल्ट आवळून झाला की कामगार पिवळ्या खडूने खूण करायचा. ती खूण हवी. म्हणजे कारखान्यातल्या माणसाने घाईत जो गलथानपणा केला, तो आपण सावकाश, मन लावून पुन्हा करायचा. मोटारीच्या गावात शहाणी माणसं गॅरेजमध्ये उताणी पडून बारीक कुंचल्याने हे करत असतात. त्यांना कोणी वेडं म्हणत नाही, उलट चषक देतात.

"मागच्या आसावर पिवळी खूण नसेल तर निळी फीत विसरा," ऑर्व्हिल म्हणाला. "आणि खालच्या खुणा दिसाव्यात म्हणून गाडीखाली आरसा ठेवावा लागेल. या वर्गात सक्तीचा आहे."

मागच्या आसावर! नॉर्बर्ट धावतच वडिलांच्या खोलीत गेला.

"पॉप, मागच्या आसाचे बोल्ट आवळले की खडूची खूण कोण करायचं?"

टेओफिल रेडिओवर बेसबॉल ऐकत होते. त्यांनी रेडिओ बंद केला. नॉर्बर्टच्या आठवणीत त्यांनी चालू खेळात रेडिओ बंद केल्याचं उदाहरण नव्हतं.

"कोण म्हणजे? आवळायचा तोच करायचा. मीच."

"कशी होती खूण?"

"कोंबडीचा पाय," म्हातारा म्हणाला. "तीन रेघा. नाव लिहायला वेळ कुठे असायचा? आईच्या कोंबड्या आठवायच्या मला, मी तीन फटकारे मारायचो. फोरमन ओरडायचा, साध्या फुलीवर तुझं भागत नाही का म्हणून. मी म्हटलं, नाही भागत. मी आवळलेला बोल्ट मला ओळखता यायला हवा."

शनिवारी टेओफिलना गाडीखाली घालायचा बेत ठरला. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला चाकांच्या फळीवर उताणं निजवणं हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. ड्वेनने पाय धरले, नॉर्बर्टने खांदे, मार्लीनने डोक्याखाली उशी सरकवली आणि "मी काही म्हणत नाहीये" असं म्हटलं. फळी घरंगळत आत गेली आणि गाडीखालून बुटांसकट दोन पाय तेवढे बाहेर राहिले. मिसेस हॅगर्टींनी समोरून ते पाय पाहिले. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. रुग्णवाहिका आली, तिच्यामागून अग्निशामक दलाचा बंब आला, आणि हेल्मेट घातलेले धिप्पाड लोक गॅरेजमध्ये घुसून गाडी उचलायची तयारी करू लागले.

"जिवंत आहेत ते!" नॉर्बर्ट ओरडत होता. "काम करताहेत!"

"गप्प बसा रे सगळे!" गाडीखालून आवाज आला. "हात हलतोय माझा."

ते टगे लोक खरोखरच गप्प बसले. एकाने हेल्मेटसुद्धा काढलं. गाडीखालून खडूचा करकर आवाज आला, एकदा, थांबून पुन्हा, आणि बऱ्याच वेळाने तिसऱ्यांदा. फळी बाहेर ओढली तेव्हा म्हाताऱ्याच्या भुवईवर पिवळी भुकटी सांडली होती. नॉर्बर्टने वाकून पाहिलं. रेघा वेड्यावाकड्या आल्या होत्या, एक तर आसावरून घसरून खाली गेली होती. पण कोंबडीचा पाय होता खरा.

"आता ठीक आहे," टेओफिल म्हणाले. "आता ही माझ्या हाताखालून गेली. आता बसायला हरकत नाही."

त्या दिवशी नॉर्बर्ट जेवला नाही, त्याला भूकच लागली नाही. नंतर चार लोकांकडून त्याच्या कानावर यायला लागलं की म्हातारा सांगत सुटलाय. चर्चच्या पायऱ्यांवर, औषधाच्या दुकानात, बँकेतल्या पोरीला: मी मुलाच्या गाडीतून जाणार आहे मिरवणुकीला. पडदासुद्धा दिवसभर उघडा असायचा.

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांच्याच हिताचं होतं. पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी ऑर्व्हिल टॅन्सली शेवटची नजर टाकायला आला. आरसा घेऊन गाडीखाली गेला आणि आतूनच म्हणाला, "हे काय?"

"कोंबडीचा पाय," नॉर्बर्ट अभिमानाने म्हणाला.

ऑर्व्हिलने क्लबचं जाडजूड पुस्तक उघडून समोर धरलं. अडुसष्टची मेरिडियन, मागचा आस, फोटो. फोटोत पिवळा गोल होता.

"अहो, माझे वडील स्वतः तिथे होते! त्यांनी स्वतःच्या हाताने काढलीय ही!"

"मिस्टर पेत्राक, माणसाची आठवण हा पुरावा होत नाही. तोंडात दात किती आहेत हेसुद्धा माणसं चुकीचं सांगतात. पुस्तकात गोल आहे."

"मग ही खूण अस्सल नाही?"

"वडील अस्सल असतील. खूण नाही. गुण जातील आणि फीतही जाईल. बाकी तुमची मर्जी."

ऑर्व्हिल गेला. गॅरेजमध्ये नॉर्बर्ट आणि गाडी दोघंच उरले. टेओफिल तेव्हा घरात नव्हते. ते ड्वेनबरोबर न्हाव्याकडे गेले होते, उद्यासाठी केस कापायला. नॉर्बर्टने मनाशी बराच युक्तिवाद केला. पॉपना मागे धूर खात बसवायचं का? पहिल्या गाडीत बसवायचं तर फीत पाहिजे. शिवाय पुसलं तर कळणार कोणाला? ते काही पुन्हा गाडीखाली जायचे नाहीत. हा सगळा विचार बापासाठीच चाललाय असं त्याने स्वतःला पटवून दिलं, आणि विम्याच्या कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला काहीही पटवून देता येतं. खरं सांगायचं तर त्याला फीत हवी होती. ड्वेनला दाखवायला हवी होती, मिसेस हॅगर्टींच्या नाकासमोर नाचवायला हवी होती, आयुष्यात कोणीतरी एकदा आपल्याला पहिला म्हणावं म्हणून हवी होती. तो गाडीखाली उताणा पडला, चिंधीवर पातळ रसायन घेतलं आणि आस पुसला. घसरलेली तिसरी रेघ निघायला वेळ लागला. म्हाताऱ्याने तिथे जोर लावला होता. मग त्याने पुस्तकात बघून एक गोल काढला, अगदी हुबेहूब.

रविवारी सकाळी गाडी ट्रकवर चढवूनच बागेत नेली, कारण रस्त्यावरून नेली तर पोटाला धूळ लागते आणि गुण जातात. मार्लीन जपानी गाडीतून खुर्च्या, बटाट्याचं सॅलड आणि स्वतःच्या कपाटाचा उखडलेला आरसा घेऊन आली. आरसा नॉर्बर्टने मागच्या चाकांच्या मधोमध गवतावर सरकवला. फास्टबॅक उन्हात अशी काही झळकत होती की येणारा जाणारा थबकत होता. एका अनोळखी बाईने तिच्यासमोर उभं राहून नवऱ्याला विचारलं, "आपण ही का विकली हो?" नवरा सॉसेजच्या गाड्याकडे निघून गेला.

ऑर्व्हिल आणि त्याचे सहकारी येऊन गेले. दुपारी निळी फीत पुढच्या काचेवर अडकवताना ऑर्व्हिलने भोंग्यावरून सगळ्या हिरवळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "विशेष उल्लेख करायचा तो पोटाखालच्या खुणांचा. तंतोतंत अस्सल!" टाळ्या पडल्या. नॉर्बर्टचे डोळे भरून आले. बरोबर त्याच वेळी ड्वेन टेओफिलना चाकांच्या खुर्चीतून ढकलत घेऊन आला. पिकअप त्याला लांब, रस्ता अडवला होता तिथेच सोडून यावी लागली होती. टेओफिलनी कारखान्याचं निळं जाकीट घातलं होतं. केस मानेपर्यंत बारीक कापलेले होते आणि तिथली कातडी लहान पोरासारखी पांढरी दिसत होती.

"आलो रे," ते म्हणाले. "कुठून चढायचं?"

ड्वेनने खुर्ची गाडीच्या मागच्या बाजूला उभी केली. लोक रंग बघत होते, फीत बघत होते. टेओफिलनी रंगाकडे पाहिलं नाही. गाडीची ओळख जिथून पटते तिथेच त्यांची नजर गेली, आणि खुर्चीत बसल्या माणसाला गवतावरचा आरसा सरळ समोर येतो. नॉर्बर्ट मध्ये उभा राहायला धावला, पण त्याला उशीर झाला होता.

म्हातारा वाकून आरशात बघत राहिला. शेजारच्या गाडीवाल्याने रेडिओ लावला होता, त्याची जाहिरात संपून दुसरी सुरू झाली तरी बघतच होता.

"नॉर्बी, हा गोल कोणी काढला?"

"पॉप, ते पुस्तकात तसं होतं म्हणून... त्याशिवाय फीत देत नव्हते. मी म्हटलं, तुम्हाला पुढच्या गाडीत..."

"माझा पाय कुठाय?"

नॉर्बर्टने खिशातून रुमाल काढून बंपर पुसायला घेतला.

"हा रोमन पिवोवारचा गोल आहे," टेओफिल म्हणाले. आवाज त्यांनी जराही चढवला नव्हता. "रात्रपाळीचा. बोल्ट आवळायचा नाही आणि गोल मात्र झोकात काढायचा. सकाळी येऊन मी ते आवळायचो. त्याची खूण मी कधी पुसली नाही. दुसऱ्याची खूण पुसत नसतात."

ड्वेन बुटाने गवत उकरत उभा राहिला. ऑर्व्हिल हसतमुखाने जवळ आला आणि म्हणाला, "चला मिस्टर पेत्राक, इंजिन सुरू करा. तुमची गाडी पहिली."

"मला घरी सोड," टेओफिल म्हणाले.

"पॉप, असं काय करता? सगळं गाव बसलंय. तुम्ही सगळ्यांना सांगितलंय..."

"ते माझं मी बघेन. तुझी ती दुसरी गाडी आणली आहेस ना? जपानी?"

"तिच्यात? तुम्ही तिच्यात बसाल?"

"तिच्यावर माझं काही नव्हतंच," म्हातारा म्हणाला. "पुसायची भीती नाही."

बाहेर पडायला रस्ता एकच होता, आणि तो मिरवणुकीचाच होता. पोलिसाने हात केला आणि जपानी गाडी एक गुलाबी लांबुळकी मोटार आणि एक जुना दूधवाल्याचा ट्रक यांच्यामध्ये सापडली. पहिली जागा रिकामीच राहिली. निळी फीत लावलेली फास्टबॅक हिरवळीवर उभी होती आणि तिच्यापाशी मार्लीन बटाट्याचं सॅलड मांडीवर घेऊन बसली होती. दुतर्फा खुर्च्यांवरून हशा उसळला. "चुकीच्या लग्नात शिरलास की रे नॉर्ब!" कोणीतरी ओरडलं. मिसेस हॅगर्टी उभ्या राहून फोटो काढत होत्या. नॉर्बर्टला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण धरणीला तेव्हा वेळ नव्हता. टेओफिल मात्र ताठ बसले होते, पट्टा लावून, समोर बघत. कोणी हात हलवला तर तेही हात हलवत होते. बापाला शेजारी बसवून गावासमोरून जायचं, असं नॉर्बर्टने देवापाशी मागितलं होतं, आणि अक्षरशः तेच चाललं होतं.

वळण आल्यावर गाडी मिरवणुकीतून बाहेर पडली. वाटेत एकदा म्हाताऱ्याने बोटाच्या पेराने समोरच्या डॅशबोर्डवर ठकठक केलं आणि कान देऊन ऐकलं. एका खड्ड्यातून गाडी गेली तेव्हा मान कलती करून खालचा आवाज घेतला. नॉर्बर्टने दारात गाडी उभी केली. इंजिन बंद केलं.

"नॉर्बी."

"काय पॉप?"

"बोल्ट घट्ट आहेत."

नॉर्बर्टने वळून पाहिलं.

"गाडीचे," टेओफिलनी खुलासा केला, आणि तो उतरून आपलं दार कधी उघडतोय याची वाट बघत ते समोर बघत राहिले.